धुऱ्याच्या आतले गणित

(इयत्ता ४ थी)



< आणि > ही चिन्हे आपल्याला माहीत आहेत. ५ < ८ आणि ९ > ४. चोच जिकडे उघडी, तिकडची संख्या मोठी. ही चिन्हे टॉमस हॅरियट नावाच्या इंग्लंडमधल्या गणितीच्या पुस्तकात आली. ते पुस्तक १६३१ साली छापले. तेव्हा हॅरियट वारून दहा वर्षे झाली होती. शिवाजी महाराजांचा जन्म १६३० चा, म्हणजे आपल्या जिल्ह्यातल्या सिंदखेडराजाच्या जिजाऊंचा बाळ तेव्हा पाळण्यात होता आणि तिकडे ही चिन्हे छापली जात होती. हे मला फार गमतीचे वाटले.

पण आपण ही चिन्हे फक्त दोन ठरलेल्या संख्यांच्या मध्ये लिहितो. त्यातली एक संख्या माहीतच नसली तर काय होते? समजा एक संख्या ६ एवढी आहे किंवा ६ पेक्षा लहान आहे. ती कोणती? ६ चालते, ५ चालते, ० पण चालते. साडेतीन पण चालते. = हे चिन्ह असले की उत्तर एकच निघते. < असले की उत्तरांची रांगच लागते. आणि जर "६ किंवा त्यापेक्षा कमी" असे म्हणायचे असेल तर < च्या खाली एक आडवी रेघ देतात, असे : ≤

तुम्ही म्हणाल, एवढी उत्तरे असलेले गणित कशाला करायचे? तर आपल्या घरचे बहुतेक हिशेब याच जातीचे असतात. पोत्यात ५० किलोपेक्षा जास्त मावत नाही. हातात जेवढे पैसे, त्यापेक्षा जास्त खर्च करता येत नाही. आणि सगळ्यात मोठा हिशेब म्हणजे मृग लागायच्या आधी घरोघरी चालतो तो. यंदा सोयाबीन किती आणि कपाशी किती? आमच्या घरी त्यावर रोज रात्री बोलणे होते. काका म्हणतात सगळी कपाशी लावा. बाबा म्हणतात, "पैसाच नाही त सगळी कपाशी कशी लावाची?" आजी म्हणते आधी जेवून घ्या.

हेच गणित गुरुजींनी आम्हाला शनिवारच्या सकाळच्या शाळेत मैदानावर करून दाखवले. आकडे सोपे पडावे म्हणून मानलेले आहेत, ते कोणाच्या घरचे नाहीत. ते असे :

एका शेतकऱ्याकडे ६ एकर जमीन आहे. सोयाबीनला एकरी १० हजार रुपये खर्च येतो. कपाशीला एकरी २० हजार येतो, कारण तिला फवारणी जास्त आणि वेचणीची मजुरी जास्त. शेतकऱ्याजवळ बियाणे-खत धरून सगळ्यासाठी ८० हजार रुपये आहेत. खर्च वजा जाता सोयाबीन एकरी १२ हजार देते आणि कपाशी एकरी १८ हजार देते. तर त्याने काय किती पेरावे?

गुरुजींनी फक्कीने मैदानावर चौकोन आखले. उजवीकडे जायचे तर सोयाबीन, एक पाऊल म्हणजे एक एकर. वर जायचे तर कपाशी. दोन्हीकडे ० पासून ६ पर्यंत. म्हणजे रेघा जिथे एकमेकींना कापतात अशा ७ गुणिले ७, ४९ जागा झाल्या. प्रत्येक जागेवर आम्ही एक चिंचोका ठेवला. ४ पावले उजवीकडे आणि २ पावले वर असलेला चिंचोका म्हणजे ४ एकर सोयाबीन, २ एकर कपाशी. प्रत्येक चिंचोका म्हणजे पेरणीचा एक बेत.

आता पहिली अट. सोयाबीन आणि कपाशी मिळून ६ एकर किंवा त्यापेक्षा कमी. सोयाबीन + कपाशी ≤ ६

सगळे सोयाबीन पेरले तर ६ एकर, म्हणून उजवीकडे ६ वर एक खुंटी ठोकली. सगळी कपाशी लावली तर ६ एकर, म्हणून वर ६ वर दुसरी खुंटी. दोन खुंट्यांना सुतळी बांधली. हा झाला जमिनीचा धुरा. धुरा म्हटल्यावर सगळी पोरं हसली, पण खरेच तो धुराच आहे. धुऱ्याच्या अलीकडे आपले, पलीकडे आपले नाही.

पण अलीकडे म्हणजे कोणतीकडे? रेघ मारल्यावर मोठी मुलेसुद्धा इथे अडतात म्हणे. त्याला गुरुजींची युक्ती सोपी आहे. ० आणि ० च्या कोपऱ्यात उभे राहा. काहीच पेरले नाही तर अट मोडते का? ० + ०, सहापेक्षा कमीच आहे, मोडत नाही. म्हणजे तो कोपरा ज्या बाजूला, ती बाजू आपली. धुरा जर नेमका त्या कोपऱ्यातून जात असेल तर मात्र दुसरी कोणतीही जागा घेऊन विचारायचे. आम्ही धुऱ्याच्या पलीकडचे चिंचोके उचलले. ते २१ निघाले. २८ उरले.

सुतळीवरचे चिंचोके ठेवायचे की उचलायचे यावर आमच्यात भांडण झाले. धुऱ्यावरून भांडण होतेच. तर नियम असा आहे. खाली रेघ असलेले चिन्ह ≤ असेल तर धुरा आपल्या मालकीचा, चिंचोके ठेवायचे, आणि कागदावर रेघ सलग काढायची. नुसते < असेल तर धुरा शेजाऱ्याचा. तिथे पाय द्यायचा नाही, आणि कागदावर रेघ तुटक-तुटक काढायची. आपल्या गणितात पूर्ण ६ एकर पेरता येतात, म्हणून धुरा आपला.

दुसरी अट पैशाची. दहा-दहा हजारांची एक गड्डी धरली तर सोयाबीनच्या एकराला १ गड्डी, कपाशीच्या एकराला २ गड्ड्या, आणि जवळ ८ गड्ड्या. म्हणून सोयाबीन + कपाशीची दुप्पट ≤ ८. सगळी कपाशी लावली तर पैसे ४ एकरांतच संपतात, म्हणून वर ४ वर खुंटी. सगळे सोयाबीन पेरले तर पैसे ८ एकरांना पुरतात. आपले चौकोन ६ लाच संपत होते, म्हणून ती खुंटी दोन घरे बाहेर, हापशाच्या बाजूला ठोकावी लागली. सुतळी ताणली. आणखी ६ चिंचोके उचलले गेले.

उरले २२. चित्र असे दिसले (भरलेले ठिपके म्हणजे उरलेले चिंचोके) :

कपाशी ६   ○ ○ ○ ○ ○ ○ ○
कपाशी ५   ○ ○ ○ ○ ○ ○ ○
कपाशी ४   ● ○ ○ ○ ○ ○ ○
कपाशी ३   ● ● ● ○ ○ ○ ○
कपाशी २   ● ● ● ● ● ○ ○
कपाशी १   ● ● ● ● ● ● ○
कपाशी ०   ● ● ● ● ● ● ●
सोयाबीन    ० १ २ ३ ४ ५ ६

दोन्ही धुऱ्यांच्या आत असलेली जी जागा, तीच उत्तर. एका धुऱ्याच्या आत आणि दुसऱ्याच्या बाहेर असलेला चिंचोका चालत नाही. सगळ्या अटी एकदम पाळाव्या लागतात. आणि खरे पाहता नुसते २२ चिंचोकेच नाही, त्यांच्या मधली सगळी माती चालते, कारण अर्धा एकर किंवा पाव एकरही पेरता येतो. कागदावर त्या जागेत पेन्सिलीने आडव्या रेघा भरतात.

माझी ताई दहावीत आहे. तिच्या बीजगणिताच्या पुस्तकात पहिल्याच धड्यात दोन रेघांचे आलेख आहेत. तिथे दोन रेघा जिथे कापतात तो एक बिंदू उत्तर असतो. मी तिला विचारले, रेघेच्या खालच्या जागेचे काय? ती म्हणाली, ते पुढच्या वर्गांत आहे, तू आत्ता गप्प बस. म्हणून मी हा लेख लिहिला.

आता २२ पैकी सगळ्यात जास्त पैसे कोणता चिंचोका देतो? आम्ही गट करून सगळ्यांचा हिशेब मांडला. सगळे ६ एकर सोयाबीन, ७२ हजार. ४ एकर कपाशी आणि बाकी पडीक, तेही ७२ हजार. ३ सोयाबीन आणि २ कपाशी, पुन्हा ७२ हजार! हे तीन चिंचोके एका सरळ रेघेत येतात. गुरुजींनी त्यांच्यावर लांब काठी आडवी ठेवली आणि काठी न फिरवता तशीच तिरपी पुढे सरकवली. मग तिच्याखाली ५ आणि १ चा चिंचोका आला, आणि २ आणि ३ चा पण. दोघांचे ७८ हजार. अजून सरकवली तर आपल्या जागेतला एकच चिंचोका काठीखाली राहिला, ४ सोयाबीन आणि २ कपाशी. ४८ + ३६ = ८४ हजार. त्यापुढे काठी सरकवली की ती आपल्या जागेच्या पार बाहेर.

आणि तो चिंचोका कुठे होता? जमिनीचा धुरा आणि पैशाचा धुरा जिथे कापतात त्या कोपऱ्यावर. हे नेहमीच असे होते. काठी सरकवत नेली की शेवटी ती कोपऱ्यालाच लागते, कधी एका पूर्ण धुऱ्याला लागते, पण तेव्हाही त्या धुऱ्याचे दोन कोपरे तिच्याखाली असतातच. म्हणून शेताच्या मधले चिंचोके मोजत बसायची गरज नाही. कोपरे तपासले की झाले.

कोपरा तोंडीसुद्धा काढता येतो. सगळे सोयाबीन पेरले तर ६० हजार लागतात, २० हजार उरतात. सोयाबीनचा एक एकर काढून तिथे कपाशी घातली की १० हजार जास्त लागतात. मग २० हजारांत किती एकर बदलतील? दोन. झाले, ४ आणि २.

भाव बदलला की मात्र कोपरा बदलतो. समजा कपाशीचा भाव पडला आणि एकरी १८ ऐवजी १० हजारच उरले. मग ४ आणि २ चे ६८ हजार होतात, आणि सगळे सोयाबीनचे ७२ हजार. उडी दुसऱ्या कोपऱ्यावर. उलट कपाशी एकरी ३० हजार देऊ लागली तर ४ आणि २ चे १०८ हजार, आणि नुसत्या ४ एकर कपाशीचे १२० हजार. म्हणजे २ एकर पडीक ठेवून कपाशी लावलेली बरी! यावर वर्गात कोणाचाच विश्वास बसेना. जमीन पडीक ठेवून फायदा कसा होईल? पण पैसे ८० हजारच आहेत, ते कपाशीत जास्त फळतात, असे आहे. धुरे जागचे हलले नाहीत, फक्त काठीचा तिरपेपणा बदलला.

हे सगळे मी घरी अंगणात बाबांना दाखवले. बाबांनी वेगळेच विचारले. "अन् पैसे ८० नसले, ४० च असले त?"

मी सुतळी आत आणली. वरची खुंटी २ वर, उजवीकडची ४ वर. चिंचोके उरले फक्त ९. आणि जमिनीचा धुरा? तो लांब बाहेर पडून राहिला. कुठल्याच कोपऱ्याला त्याचा स्पर्श नाही. म्हणजे या शेतकऱ्याकडे ६ एकर असोत की १० एकर, काही फरक पडत नाही. सगळ्यात चांगला कोपरा म्हणजे ४ एकर सोयाबीन, ४८ हजार रुपये, आणि २ एकर पडीक. बाबा बराच वेळ सुतळीकडे पाहत होते. म्हणाले, "हे त खरं हाय. आपल्याले जमीन कमी नाही पडत, पैसा कमी पडते. अन् तोबी पेरणीच्या टायमाले."

मग आम्ही पैसे वाढवत पाहिले. ४० चे ५० हजार केले तर ५ एकर सोयाबीन पेरता येते, ४८ चे ६० हजार होतात. दहा हजार घातले तर मिळकत १२ हजारांनी वाढते. पण ८० चे ९० केले तर कोपरा ३ आणि ३ वर येतो, ८४ चे ९० हजार होतात. तेच दहा हजार, पण मिळकत ६ हजारांनीच वाढते. जमीन पडीक असते तेव्हा दहा हजारांचे मोल दुप्पट. पीककर्ज पेरणीआधी हातात पडणे आणि नंतर पडणे यात एवढा फरक का, ते मला या सुतळीवरून कळले.

काका म्हणाले की पावसाचा धुरा कुठे हाय तुझ्या गणितात? तो नाही. पाऊस कधी खंड देईल हे खुंटीला बांधता येत नाही. पण माणसांचा धुरा घालता येतो. वेचणीला माणसे मिळत नाहीत म्हणून कपाशी ३ एकरांच्या वर नको असे ठरवले तर ३ वर एक आडवी सुतळी. तिने फक्त एक चिंचोका उचलला जातो, आणि ४ आणि २ चा कोपरा जागच्या जागी राहतो. म्हणजे ती अट असली काय आणि नसली काय, या भावात सारखेच.

आतापर्यंतचे धुरे "जास्तीत जास्त" चे होते. "कमीत कमी" चे पण धुरे असतात. ते शाळेच्या खिचडीत आहेत. पहिली ते पाचवीच्या मुलाला दुपारच्या जेवणातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत असा नियम आहे. त्यासाठी १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल ठरलेले आहे. १०० ग्रॅम तांदळात साधारण ७ ग्रॅम प्रथिने असतात, १०० ग्रॅम डाळीत साधारण २४. नुसत्या भाताने १२ ग्रॅम गाठायचे तर १७० ग्रॅम तांदूळ शिजवावा लागेल, तेवढा पहिलीच्या पोराच्या पोटात जाणार नाही. १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ घेतली की ७ आणि ४.८, जवळजवळ १२ होतात. थोडीशी डाळ केवढे काम करते पाहा. हे कागदावर काढले तर ० आणि ० चा कोपरा धुऱ्याच्या चुकीच्या बाजूला येतो. रिकामे ताट अट मोडते. आपली जागा धुऱ्याच्या पलीकडे, आणि तिकडून ती उघडीच, कुठे संपत नाही. तिथे जास्तीत जास्त शोधायचे नसते, कमीत कमी खर्चाचा कोपरा शोधायचा असतो.

असे जेवणाचे गणित अमेरिकेत जॉर्ज स्टिग्लर यांनी १९४५ साली केले. खाण्याचे ७७ जिन्नस आणि ९ अटी. ७७ जिन्नसांचे चित्र काढता येत नाही. दोन पिके असली तर कागद पुरतो, तीन असली तर खोक्यासारखा आकार होतो, त्यापुढे डोळ्यांना दिसतच नाही. म्हणून स्टिग्लरनी अंदाजाने जवळचे उत्तर काढले. मग १९४७ साली जॉर्ज डान्झिग यांनी रीत शोधली. ती अशी की एका कोपऱ्यावर उभे राहायचे, आणि जो धुरा जास्त फायद्याकडे नेतो त्याने चालत पुढच्या कोपऱ्यावर जायचे. आपल्या शेतात म्हणजे ० वरून ७२ वर, ७२ वरून ८४ वर. पुढचा कोपरा पुन्हा ७२ चा, म्हणून थांबायचे. या रीतीने स्टिग्लरचे गणित सोडवायला तेव्हा हाताने चालवायच्या यंत्रांवर ९ कारकून बसले होते, आणि सगळ्यांचे मिळून १२० दिवसांचे काम झाले. स्टिग्लरचा अंदाज अगदी थोडक्याने चुकला होता.

पण अटी खूप असल्या की कोपरे फार होतात. १९७२ साली क्ली आणि मिंटी या दोघांनी असे आकार दाखवले की धुऱ्याधुऱ्याने चालणाऱ्याला एकूण एक कोपरा फिरावा लागतो. १० जिन्नसांचा तसा आकार असेल तर १०२४ कोपरे!

यावर दुसरी वाट काढणारा माणूस मराठी आहे. नरेंद्र करमरकर. ते ग्वाल्हेरचे, मुंबईच्या आय. आय. टी. त १९७८ पर्यंत शिकले. पुढे अमेरिकेत टेलिफोन कंपनीच्या बेल प्रयोगशाळेत असताना १९८४ साली त्यांनी आपली रीत मांडली. त्याच साली न्यू यॉर्क टाइम्स या वर्तमानपत्राने ती बातमी पहिल्या पानावर छापली. त्यांची रीत धुऱ्याने जात नाही. ती शेताच्या आतून आडवी, चांगल्या कोपऱ्याकडे मोठमोठी पावले टाकत जाते. उभ्या पिकातून आडवे गेले तर आपल्याला शिव्या बसतात, पण गणितात पीक तुडवले जात नाही. विमाने, टेलिफोन असल्या हजारो अटींच्या हिशेबांना या आतल्या वाटेचा उपयोग झाला.

आता तुमच्यासाठी. ४९ चिंचोके डब्यात घालून भित्तिपत्रकाखाली ठेवले आहेत, सुतळी पण आहे. जमीन तीच ६ एकर, एकरी खर्च आणि मिळकत तीच, पण पैसे पूर्ण १ लाख. किती चिंचोके उरतात? कोणत्या कोपऱ्यावर जास्तीत जास्त पैसे मिळतात, आणि किती? उत्तर वहीच्या कागदावर लिहून गुरुजींच्या टेबलावर ठेवा. बरोबर उत्तरे पुढच्या अंकात येतील. चिंचोके मोजून परत डब्यात ठेवावेत, पहिलीची मुले ते खेळायला नेतात.